शेवटच्या माणसाची टोपी

टेग्वेन प्रोबर्ट सकाळी उठली की चहाचं आधण ठेवायच्या आधी मागच्या अंगणातल्या शेडमध्ये जायची आणि दोन्ही सायकलींची चाकं अंगठ्यानं दाबून बघायची. आधी नवऱ्याच्या सायकलीचं पुढचं, मग मागचं. त्यानंतर स्वतःच्या सायकलीची. अंगात झोपायचा झगा, पायात नवऱ्याचे रबरी बूट. कुठं जायचं असो वा नसो. हिवाळ्यात अंगणात गुडघाभर बर्फ साचलं तरी ती वाट तुडवत शेडपर्यंत जायची. टायर अंगठ्याला दबला नाही की तिच्या कपाळावरची आठी थोडी सैल व्हायची. थोडीच. पूर्ण गेलेली ती कुणी पाहिली नव्हती.

वेल्समधल्या ब्रेकन गावात आडनावाचा फारसा उपयोग नाही. निम्मं गाव प्राइस, उरलेलं पॉवेल. म्हणून माणसाच्या नावाला त्याचा धंदा चिकटतो. टेग्वेनचा नवरा ॲबरगॅव्हेनीच्या रस्त्यावर बस चालवायचा, तो इथेल-बस. पत्रं वाटणारा इड्वल-पोस्ट. हायडन विम्याच्या कचेरीत होता, पण रविवारी सायकल क्लबच्या पुढे शिट्टी फुंकत जायचा, म्हणून तो हायडन-शिट्टी. टेग्वेन कापडाच्या दुकानात बटणं आणि लोकर विकायची. खरं तर ती टेग्वेन-बटण व्हायची. पण एका सकाळी शेजारणीनं कुंपणावरून तिला झग्यात, बुटांत, चाकाशी वाकलेली पाहिलं आणि ती कायमची टेग्वेन-अंगठा झाली.

"हसा," ती म्हणायची. "चाक बसलं की पंप मागायला माझ्याच दारात येता."

काळजी करणं हा तिचा जोडधंदा होता, आणि त्याला सुट्टी नव्हती. तो तिला आईकडून मिळाला होता. वडील अंधारातच सायकलवरून दगडखाणीवर जायचे. त्यांच्या सायकलीचा बारका दिवा वळणाआड जाईपर्यंत आई फाटकाशी उभी राहायची. पाऊस असो, घरात मूल रडत असो, दिवा दिसेनासा होईपर्यंत दार लागत नसे. जाणाऱ्याकडे आपण आधी पाठ फिरवू नये, एवढंच ती सांगायची. वडील रोज धडधाकट घरी यायचे. टेग्वेनची मात्र लहानपणीच समजूत झाली होती, की ते आईच्या उभं राहण्यानंच येतात.

अशा बाईनं सायकल क्लबात नाव घालावं याचं चॅपलमधल्या बायकांना नवल वाटे. रविवारची प्रार्थना बुडवून डोंगरात हिंडायचं हे तर आणखीच. पण टेग्वेनला सायकल चालवायला आवडायचं. पूर्वी घोडे नावा ओढत त्या कालव्याकाठच्या घोडवाटेवरून जाताना एका बाजूला संथ, तपकिरी पाणी आणि दुसऱ्या बाजूला कुंपणातली रानफळं, मागून ऊन, आणि चाकांचा बारीक आवाज. तेवढा वेळ तिला धाकधूक आठवत नसे. चढ लागला की आठवे.

पहिल्याच रविवारी तिला एका वळणावर उभं केलं होतं. क्लबात तशी रीत आहे. सगळ्यांत पुढचा माणूस वळणाशी आला की हात दाखवतो. त्याच्या मागचा तिथंच उतरतो आणि वळणावर उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला वाट दाखवतो. सगळ्यांच्या शेवटी लाल लोकरी टोपीवाला येतो. टोपी दिसली की वळणावरच्यानं निघायचं. ती दिसेपर्यंत हलायचं नाही. यामुळे कुणी चुकत नाही, कुणी मागं राहत नाही. त्या दिवशी गारा पडल्या. लाल टोपीवाला तरुण कुणाची तरी चेन जोडत मागं अडकला होता. तो आला तेव्हा एक मुलगी वळणावर उभी होती. खांदे गारांनी पांढरे, ओठ निळे.

"तू अजून इथंच?" त्यानं विचारलं.

"मला थांबायला सांगितलं होतं," ती म्हणाली.

तो तरुण म्हणजे इथेल. पुढं त्याला कुणी विचारलं, या काळजीच्या पोत्याशी लग्न का केलंस, की तो हेच वाक्य सांगायचा.

लग्नानंतरही शेवटून येण्याचं काम त्याच्याकडेच राहिलं. त्याला घाई नसायची. वाटेत कुणाचं काही बिघडलं तर तो खाली बसून ते नीट करायचा, शीळ घालायचा, थरमासमधला चहा द्यायचा. टोपी विरली की टेग्वेन नवी विणायची, दुकानातल्या सगळ्यांत लाल लोकरीची. आणि दर रविवारी कुठल्या तरी वळणावर उभी राहून ती टोपी दिसायची वाट बघायची. धुक्यातून आधी लाल ठिपका, मग खाली नवरा. इतकी वर्षं हे चाललं, पण तो ठिपका दिसेपर्यंत ती रस्त्यावरची नजर हलवायची नाही.

सत्याऐंशी सालच्या ऑक्टोबरातल्या त्या रविवारी खिंडीतून जायचं ठरलं होतं. ब्रेकनहून वर चढत खिंड, पलीकडं दगडी वाटेनं पाइनच्या रानात, रानातल्या फाट्यावरून डावीकडं, मग तलावाच्या कडेकडेनं उतरत टॅलिबाँट, आणि तिथल्या पुलावरून कालव्याची घोडवाट धरून घरी. ही वाट सगळ्यांनी अनेकदा केलेली. नवी होती ती एकटी लाउरी. शाळेत गाणं शिकवणारी, तिशीची, हसरी, आणि सायकलीचे गिअर चुकीच्या वेळी बदलणारी.

सकाळी टेग्वेननं इथेलच्या सायकलीचं पुढचं चाक दाबलं. मागच्याकडे वळणार तेवढ्यात इथेलनं सायकल ओढून घेतली.

"हायडननं दोनदा शिट्टी मारली. चल."

"मागचं राहिलं."

"काल दाबलंस की! अगं, एका रात्रीत त्याला काय होतंय?"

"काल म्हणजे काल."

"तू हो पुढे," तो हसून म्हणाला. "मी आलोच टोपी घालून."

ती गेली. पण चढभर तिच्या अंगठ्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. पंक्चर अणकुचीदार दगडानं होतं, सकाळी दाबून बघितल्या न बघितल्यानं नाही, हे तिला कळत होतं. कळून फरक पडत नव्हता.

खिंडीत पोचेपर्यंत धुकं उतरलं. वारा एवढा होता की सायकली ढकलताना त्या पतंगासारख्या ओढ घेत होत्या. मेंढ्या दगडांच्या आडोशाला अंग चोरून बसल्या होत्या. सगळ्यांच्या अंगात पिवळे रेनकोट. चार हातांवर कोण आहे ते कळेना. हायडन शिट्टी फुंकत पुढे उतरला. रानातल्या फाट्यावर त्यानं इड्वलला उभं केलं. तलावाच्या कडेनं सगळे भराभर खाली आले, आणि टॅलिबाँटच्या पुलावर त्यानं टेग्वेनकडे बघून हात दाखवला.

"तू इथं. आम्ही चहाच्या दुकानात आहोत. इथेल आला की दोघं या. तुझ्यासाठी खारका-मनुकांचा पाव ठेवतो."

"इथेलसाठीही ठेव."

"त्याच्यासाठी न ठेवून तुझ्या वाटेला कोण जाणार, बाई!"

ते गेले. चहाचं दुकान पुलावरून दिसत होतं, कालव्याच्या काठानं थोडं पुढे. खिडकीत पिवळा उजेड. पुलाखाली एक लांबट नाव हिवाळ्यासाठी बांधून ठेवलेली. पाण्यावर पानं साचली होती आणि त्यांच्यामधून दोन बदकं वाट काढत होती. टेग्वेननं सायकल कठड्याला टेकवली, तिची दोन्ही चाकं दाबली आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

बराच वेळ गेला. एवढा वेळ लागायचाच, ती स्वतःला सांगत होती. लाउरी नवी आहे. उतारावर ब्रेक दाबत दाबत येत असेल. इथेल तिच्यामागे शीळ घालत असेल.

मग रस्त्याच्या वळणावर लाल ठिपका दिसला.

तिनं सायकलीचं हँडल धरलंसुद्धा. ठिपक्याच्या पुढे इड्वल होता, मान खाली घालून जोरात पायडल मारत. टोपीखालचा रेनकोट पिवळा. पण टोपीखालचे खांदे इथेलचे नव्हते. इतक्या वर्षांत त्या टोपीखाली तिनं दुसरे खांदे पाहिले नव्हते, म्हणून तिला ते लांबूनच कळलं. तिनं हँडल सोडलं.

"थंडीनं मेलो!" इड्वल पुलावर येत ओरडला. "चहा आहे की संपवला त्या शिट्टीनं?"

"इथेल कुठाय?"

"हा काय, मागं—" इड्वलनं वळून पाहिलं. लाउरी धापा टाकत पुलावर आली आणि तिनं टोपी कपाळावरून वर सरकवली. ओले केस, लालबुंद नाक. इड्वल तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावरचा रंग उतरत गेलेला टेग्वेनला दिसला.

"ही टोपी तुझ्या डोक्यावर कशी?" त्यानं विचारलं.

"मिस्टर प्रोबर्टनी दिली," लाउरी म्हणाली. "माझी वाऱ्यानं उडाली ना खिंडीत. केस भिजले होते, दात वाजत होते. त्यांनी आपलीच काढून घातली माझ्या डोक्यावर. का? काय झालं?"

तिला कुणी सांगितलं नव्हतं. टोपी म्हणजे काय हे क्लबातल्या माणसाला सांगावं लागतं, हेच कुणाला सुचलं नव्हतं.

"आणि तो?" टेग्वेननं विचारलं.

"त्यांचं चाक बसलं. उतार लागला लागला तोच, दगडानं. मी थांबते म्हटलं, तर म्हणाले, थांबलीस तर गोठशील, तू हो पुढे, फाट्यावर इड्वल उभा आहे. मी आलोच म्हणाले."

"कुठलं चाक?"

"अं?"

"पुढचं की मागचं?"

"मागचं," लाउरी म्हणाली.

टेग्वेननं उजवा अंगठा मुठीत दाबून धरला.

"मी चेहरा बघितलाच नाही," इड्वल म्हणत होता. "देवाशपथ, टेग्वेन. धुक्यातून लाल दिसलं, मी म्हटलं चला, आणि निघालो. टोपी दिसली की निघायचं. कुणीही निघालं असतं."

हे खरं होतं. कुणीही निघालं असतं.

लाउरी धावत जाऊन हायडनला घेऊन आली. त्याच्या हातात अजून पावाचा तुकडा होता. त्यानं सगळं ऐकलं, तुकडा खिशात टाकला आणि एकदम मोठ्यानं बोलायला लागला, जसं तो अडचणीत नेहमी बोलायचा.

"अगं, इथेल काय लेकरू आहे का? त्याला ही वाट पाठ आहे. पंक्चर काढेल आणि येईल. फार तर तासभर."

"अंधार पडायला तासभरच आहे," इड्वल म्हणाला.

"तू गप रे. तू आधी वळण सोडलंस."

"मी सोडलं? टोपी आली म्हणून—"

"मी पोलिसांना फोन करतो," हायडन म्हणाला. "डोंगरात शोधायला माणसं जातात त्यांना कळवतील. आपण सगळे सायकलींवर परत वर जाऊ. चारी बाजूंनी हाका मारू."

टेग्वेन रस्त्याकडे बघत होती. एरवी हायडनचा आवाज चढला की तिला काही सुचेनासं व्हायचं. आज डोक्यात नको ती चित्रं फिरत होती, ओले दगड, ओढा, बधिर बोटांतून निसटणारी ठिगळाची पट्टी. पण त्या सगळ्यांच्या मागं एक गोष्ट स्वच्छ दिसायला लागली होती, आणि ती बाकी सगळ्यांहून जास्त भीतीची होती.

"तो येणार नाही," ती म्हणाली.

"असं अभद्र बोलू नकोस—"

"ऐक तर. तो पंक्चर काढेल. फाट्यावर येईल. तिथं इड्वल नसेल. मग तो काय करेल?"

"काय करेल? खाली येईल. वाट पाठ आहे त्याला."

"वाट पाठ आहे, पण टोपी आपल्या डोक्यावर नाही हे त्याच्या लक्षात आहे का? तो म्हणाला काय हिला, इड्वल उभा आहे. म्हणजे त्याच्या मते टोपी अजून तिथून गेलेलीच नाही. मग इड्वल नाही, याचा अर्थ तो काय काढेल? की इड्वलला काहीतरी झालं. पडला, रानात शिरला, वाट चुकला. आणि मागं कुणी राहिलं असेल तर इथेल खाली येईल?"

इड्वलनं तोंडावर हात ठेवला.

"तो मला शोधतोय," तो हळूच म्हणाला.

"भिजलेल्या अंगानं, टोपीशिवाय," टेग्वेन म्हणाली. "त्या रानात. अंधार पडला तरी शोधत राहील. तुम्ही चारी बाजूंनी हाका मारल्यात तर त्याला वाटेल आणखी चौघं हरवले. इड्वल, तू परत जा. तुझ्या वळणावर जाऊन उभा राहा आणि तुझं नाव घेऊन ओरड. दुसरं काही करू नकोस."

हायडन रस्त्याकडेच्या लाल टेलिफोन-खोक्याकडे पळाला. पोलिसांकडची माणसं गोळा होऊन यायला वेळ लागणार होता, आणि सायकलवरून तो चढ म्हणजे काळोखच पडला असता. तेवढ्यात वरच्या शेतातला डिल्विन मेंढ्यांचं खाद्य टाकून आपली खिळखिळी जीप घेऊन पुलावर आला. हायडननं ती अडवून थांबवली.

"इथेल-बस?" डिल्विननं खिडकीतून मान काढली. "हरवला? तो तर दुसऱ्यांना शोधणारा ना?"

"तेच करतोय," टेग्वेन म्हणाली.

डिल्विननं कुत्र्याला बाजूला सारलं. इड्वल सायकल मागं टाकून आत चढला. "ये, तू पण बस," डिल्विन तिला म्हणाला. "जागा आहे. कुत्रं मांडीवर घे."

टेग्वेननं जीपच्या दाराला हात लावला. सगळं अंग तिकडं ओढ घेत होतं. जाऊन स्वतः हाका माराव्यात, त्याच्या कानाला तिचा आवाज इड्वलच्या आवाजापेक्षा लवकर लागेल. पण तिचा हिशेब चुकला असला तर? इड्वल खाली निघून गेला असेल असं इथेलला सुचलं असलं, आणि तो तलावाच्या दुसऱ्या अंगानं, रानातल्या पायवाटेनं उतरून इथं आला तर? तर या पुलावर कुणी नसेल. एक वळण रिकामं सापडलेल्या माणसाला दुसरंही रिकामं सापडेल.

तिनं दारावरचा हात काढला.

"मी इथं आहे," ती म्हणाली. "जा तुम्ही."

जीप गेली. तिचे मागचे दिवे वळणाआड जाईपर्यंत टेग्वेन बघत राहिली, आणि ते गेल्यावरही तिथंच बघत राहिली. हायडन पुन्हा फोनपाशी गेला. पुलावर लाउरी तेवढी उरली. ती रडत होती आणि आपण रडतोय याची तिला लाज वाटत होती.

"मिसेस प्रोबर्ट, ही घ्या. ही तुम्ही घ्या." तिनं टोपी काढून पुढं केली.

"घाल ती डोक्यावर."

"पण माझ्यामुळे—"

"त्यानं थंडी वाजू नये म्हणून दिली ना? मग आता तू आजारी पडलीस तर त्याचं तेवढंही वाया. घाल." मग जराशानं, "कानांवरून ओढून घे. मी कानांवर येईल अशीच विणते."

लाउरीनं टोपी घातली. दोघी कठड्याशी उभ्या राहिल्या. चहावाली किटली आणि दोन पेले घेऊन आली, टेग्वेनच्या पेल्यावर साय धरली तरी तिनं तो उचलला नाही. डोंगराची रेघ आधी करडी झाली, मग आभाळातच मिसळली. एक मोटार आली. दोघींनी श्वास धरला. ती पुलावरून सरळ निघून गेली. टेग्वेन वाकून सायकलीचं चाक दाबायची, सरळ व्हायची, पुन्हा वाकायची.

"तुम्हाला खात्री आहे ना?" लाउरीनं विचारलं. "ते फाट्यावरच असतील याची?"

"नाही," टेग्वेन म्हणाली. "मला कशाचीच कधी खात्री नसते."

लाउरी तिच्याजवळ जरा सरकून उभी राहिली.

अगदी अंधारून आलं तेव्हा वरून दिवे उतरायला लागले. जीपचेच, एक दिवा दुसऱ्यापेक्षा मंद. टेग्वेन रस्त्याच्या मधोमध आली. जीप जवळ आली. पुढच्या काचेत डिल्विन दिसला आणि त्याच्या शेजारी सीटवर कुत्रं. कुत्रंच. दुसरं कुणी नाही.

टेग्वेन मागं सरली आणि तिनं कठडा धरला.

जीप थांबली. इंजिन बंद झालं, आणि मागच्या ताडपत्रीखालून एक बसलेला, घोगरा आवाज आला.

"—तासभर मी मेंढीसारखा बें बें करतोय, इड्वल, इड्वल! आणि हे महाराज खाली चहा पितायत!"

"एक घोट प्यालो असेन तर शपथ! घोट घ्यायलासुद्धा दिलं नाही मला कुणी!"

"ओढ्यात शोधलं तुला मी. ओढ्यात! वाकून वाकून. म्हटलं आता याच्या बायकोला काय सांगू."

"माझ्या बायकोला आनंदच झाला असता."

इथेल दोन सायकलींच्या मधून, डिल्विनचं मेंढ्यांच्या वासाचं पोतं पांघरून, कष्टानं खाली उतरला. डोक्याला डिल्विनचा मफलर गुंडाळलेला. ओठ निळे होते. त्यानं आधी लाउरीच्या डोक्यावरची टोपी पाहिली, मग स्वतःच्या डोक्याला हात लावला आणि तसाच उभा राहिला.

"अरे देवा," तो म्हणाला. "डोकं गार पडलं तेव्हा तरी कळायला हवं होतं."

टेग्वेन त्याच्याकडे धावली नाही. ती जीपमधल्या त्याच्या सायकलीकडे गेली, वाकली आणि मागचं चाक दाबलं. ठिगळ धरलं होतं. मग ती उठली आणि सगळ्यांसमोर त्याच्या छातीवर मूठ मारली, एकदा, फार जोरात नाही.

"मागचं राहिलं म्हणाले होते मी."

"म्हणाली होतीस," इथेल म्हणाला. तिच्या थंड चहाचा पेला उचलून त्यानं एका दमात संपवला.

त्यानंतर हायडननं क्लबात नियम केला की लाल टोपी कुणालाही द्यायची नाही. टेग्वेननं तो ऐकून घेतला. नवऱ्याला ती ओळखत होती. समोर कुणी कुडकुडताना दिसलं की तो नियम विसरणार. तिनं त्या हिवाळ्यात दुकानातल्या उरल्यासुरल्या लोकरीच्या टोप्या विणल्या, करड्या, हिरव्या, निळ्या, लाल सोडून कुठल्याही रंगाच्या, आणि इथेलच्या कॅरियरच्या पिशवीत कोंबल्या. त्यांतल्या बऱ्याच तो वाटून आला. ब्रेकनमध्ये अजूनही एखाद्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर तसली टोपी दिसते. पुढं हायडनचे गुडघे गेले आणि लाउरी क्लबाच्या पुढं जाऊ लागली. नव्या माणसाला ती निघायच्या आधीच टोपीची गोष्ट सांगायची. टेग्वेन वळणांवर उभी राहत राहिली. काळजी तसूभरही कमी झाली नाही. सकाळी चाकंही दाबली जात राहिली, आणि इथेलनं पुन्हा कधी सायकल ओढून घेतली नाही. शेडच्या दाराशी तो चहाचा पेला घेऊन उभा राहायचा.

डोंगर सुटले तेव्हा कालवा उरला. दोघं सत्तरीच्या पुढं गेल्यावर घोडवाटेनं ब्रिनिकला कालव्याचं पाणी अडवणाऱ्या दारापर्यंत जायचे, तिथल्या बाकावर बसून सँडविच खायचे आणि परत यायचे. एप्रिलातली एक सकाळ होती. क्लबाचा दिवसही नव्हता. कुंपणाला पांढरा बहर आलेला. इथेल सायकल घेऊन फाटकाशी होता, टेग्वेन अजून घरात काहीबाही आवरत होती. तिनं आतून सांगितलं तसा तो पुढं निघाला, गल्ली जिथं कालव्याला मिळते त्या वळणावर आला आणि सवयीनं तिथं उतरून उभा राहिला.

तो बराच वेळ उभा होता. तिला उशीर लागायचाच. गॅस दोनदा बघायची, नळ बघायची, परत एकदा चाकं. कालव्यावरून एक नाव गेली. नावाड्यानं हात केला, यानंही केला. परत जाऊन बघावं असं त्याच्या मनात एकदा आलं. पण ती दुसऱ्या गल्लीनं आली आणि वळणावर कुणी दिसलं नाही तर घाबरेल, म्हणून तो हलला नाही. शेवटी शेजारीण धावत आली, चपला घरातल्याच पायात, आणि तिच्या तोंडाकडे बघून इथेलला कळलं. टेग्वेन शेडच्या पायरीवर बसलेली सापडली होती, दाराला टेकून.

लोक भेटायला आले तेव्हा चॅपलमधल्या एकीनं त्याला विचारलं, शेवटी काही बोलली का, काही सांगायचं राहिलं होतं का. इथेलनं जरा आठवून पाहिलं.

"म्हणाली," तो म्हणाला, "तू हो पुढे. मागच्या दाराला कडी घालते आणि आलेच."